कुपीतला दुसरा गडी

कारापूरहून वाळवंटी ओलांडली की साखळी. तिथलं सामाजिक आरोग्य केंद्र, पुढे म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आणि फारच झालं तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, असा आमच्या भागातल्या मोठ्या आजारपणाचा ठरलेला रस्ता आहे. या रस्त्यावर कुठल्याही वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डॉक्टर, जरा हाय पॉवरचं द्या." खाजगी दवाखान्यात तर ते अधिकच ठासून म्हटलं जातं, कारण तिथे पैसे आपण मोजत असतो. मग फार्मसीतून जे खोकं येतं, त्यावर दोन नावं आणि मध्ये आडवी रेघ. पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम. सेफोपेराझोन-सल्बॅक्टम. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. दोन नावं पाहून नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. एक नाही, दोन औषधं दिली. आता ताप उतरलाच म्हणायचा.

गंमत अशी, की या जोड्यांतला दुसरा गडी बहुतेक वेळा एकही जंतू मारत नाही.

मग तो कुपीत कशाला? त्यासाठी आधी पहिला काय करतो ते पाहावं लागेल. जिवाणूला भोवती भक्कम भिंत असते आणि ती सतत डागडुजी मागते. आपल्याकडच्या चिऱ्याच्या घरासारखी एकदा बांधली आणि झालं, असं तिथे नसतं. जिवाणूच्या आत काही प्रथिनं गवंड्यासारखी राबत असतात. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली औषधं (अमॉक्सिसिलिन, पायपरासिलिन, सेफ्ट्रायक्झोन, सेफोपेराझोन, मेरोपेनेम) या गवंड्यांच्या हातालाच चिकटतात. काम थांबतं, भिंत ढासळते, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला फारशी इजा होत नाही. या सगळ्या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक छोटं कडं असतं, बीटा-लॅक्टम नावाचं. सगळी करामत त्या कड्याची.

जिवाणूंनी नेमकं हेच कडं तोडायचं हत्यार बनवलं. बीटा-लॅक्टमेज या विकराला मी आडकित्ता म्हणेन. आमच्याकडे कुळागरं असल्यामुळे ही वस्तू घरोघरी पाहिलेली. पातं खाली आलं की सुपारीचे दोन तुकडे, तसं औषधाचं कडं तुटून उघडतं, आणि तुटलेलं औषध म्हणजे नुसती पूड. आता त्या आडकित्त्यात सुपारीऐवजी खडा घातला तर? पातं अडकून बसेल. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम हे तसले खडे. ते स्वतः आडकित्त्यात जाऊन फसतात आणि पहिला गडी सुखरूप गवंड्यापर्यंत पोचतो. (सल्बॅक्टम एका जंतूच्या बाबतीत अपवाद आहे. अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरला ते स्वतःही मारतं.)

तेव्हा जोडीचं इंजेक्शन म्हणजे दुप्पट ताकद नव्हे. ज्या जंतूकडे आडकित्ता आहे त्याच्यासाठी ते मोलाचं. ज्याच्याकडे नाही, त्याच्यापुढे दुसरा गडी नुसता बसून असतो. बिलात मात्र त्याचं नाव येतं, आणि पोटातल्या भल्या जिवाणूंनाही या जोडीचा मार बसतो. शिवाय ज्या जंतूचा आडकित्ता असल्या खड्यांना जुमानतच नाही, त्याच्यापुढे दोघेही फुकट. एवढं कळलं की सुरक्षित वापराचं निम्मं काम झालं.

आडकित्ता नवा नाही. फ्लेमिंगला पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीची करामत दिसली 1928 साली. ऑक्सफर्डमध्ये एब्रहम आणि चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणारं विकर जिवाणूंत आहे, हे 1940 च्या डिसेंबरात छापून प्रसिद्ध केलं. आणि ज्या ऑक्सफर्डच्या पोलीस शिपायावर, अल्बर्ट अलेक्झांडरवर, पेनिसिलिनचा उपचार सुरू झाला, तो दिवस होता 12 फेब्रुवारी 1941. म्हणजे औषध रोग्याच्या शिरेत जाण्याच्या आधीच त्याची तोड जगाला ठाऊक होती. त्या शिपायाला आधी उतार पडला, मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली, तरी तो वाचला नाही. पुढे 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. खड्याचा शोध मात्र 1970 च्या दशकातला, मातीतल्या एका जिवाणूकडून मिळालेला. इंग्लंडमध्ये अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड बाजारात आलं 1981 ला. पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1993 मध्ये.

आता आमच्या भागातलं उदाहरण. मृगाचा पाऊस पडतो, डिचोली-पेडण्याच्या शेतांत गुडघाभर चिखलात माणसं उतरतात, आणि जून-जुलैत 'लेप्टो' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगांत. ताप, पोटऱ्या धरून येणं, डोळे लाल; बिघडलं तर कावीळ आणि मूत्रपिंड. जिवावर बेतणारा आजार, पण तो करणारा जंतू साध्या पेनिसिलिनला आजही शरण जातो. पेनिसिलिन, सेफ्ट्रायक्झोन किंवा सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या पुरतात. इथे आडकित्ताच नाही, मग खडा कुणासाठी? तरी निदान पक्कं व्हायच्या आत जोडीच्या इंजेक्शनचा आग्रह धरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यात भर म्हणजे लेप्टोत पहिल्या डोसनंतर काही तासांनी कधीकधी थंडी वाजून ताप आणखी चढतो. जंतू मरताना जो कचरा रक्तात सुटतो त्याची ती प्रतिक्रिया असते. डॉक्टरला ते ठाऊक असतं. बाकड्यावरच्या मंडळींना वाटतं, इंजेक्शन लागू पडलं नाही, बदला.

उलट बाजूही याच चिखलात आहे. मेलिऑइडोसिस नावाचा आजार पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आढळतो, आणि मधुमेही माणसाला तो विशेष गाठतो. मातीतलाच जंतू. न्यूमोनिया होतो, यकृतात, प्लीहेत गळवं होतात. दिसायला क्षयासारखा, म्हणून पुष्कळदा फसवतो. यावर नेहमीचं सेफ्ट्रायक्झोन भरवशाचं नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, आणि पुढे तीन महिने गोळ्या. दोघे शेजारी एकाच शेतात राबून एकाच आठवड्यात तापाने पडले, तरी दोघांची औषधं अगदी वेगळी असू शकतात. 'शेजारच्या अण्णांना जे दिलं तेच द्या' हे म्हणूनच चालत नाही.

मग डॉक्टरला कळायचं कसं? त्याचं उत्तर ज्या दोन बाटल्यांत असतं, त्यांच्यावर लोक सगळ्यात जास्त कुरकुरतात. ब्लड कल्चर. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत साधारण आठ ते दहा मिलिलीटर. "एवढं रक्त कशाला काढता, आधीच अंगात नाही" असं म्हणून हात आखडून घेणारे आजोबा प्रत्येक वॉर्डात असतात. पण कमी रक्त घेतलं तर जंतू निसटतो, आणि औषध सुरू झाल्यावर घेतलं तर बरेचदा तो उगवतच नाही. बाटली यंत्रात ठेवली की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जंतू वाढल्याचं कळतं. पुढे तो कुठला, आणि कुठल्या औषधाला दबतो, हा अहवाल येतो. तोवर रोग्याला ताटकळत ठेवता येत नाही. रक्तदाब पडत असेल, भ्रम होत असेल, तर बाटल्या भरल्या की लगेच, तासाभराच्या आत इंजेक्शन गेलं पाहिजे. सुरुवात अंदाजाने, थोडी मोठ्या जाळ्याने करायची. अहवाल आला की जाळं लहान करायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने जोडीचं महागडं इंजेक्शन बंद करून साधं लिहिलं, तर हात आखडता घेतला असं समजू नका. त्याला शत्रूचं नाव कळलं, एवढाच त्याचा अर्थ.

जाळं लहान करण्याइतकंच कधी मोठं करावंही लागतं. 2018 मध्ये मेरिनो नावाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेबसिएला, आणि ते सेफ्ट्रायक्झोनला न जुमानणारे, अशा 379 रोग्यांत पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम यांची तुलना केली. तीस दिवसांत दगावलेले पहिल्या गटात 12.3 टक्के, दुसऱ्यात 3.7 टक्के. प्रयोगशाळेच्या काचेत जोडी या जंतूंना मारताना दिसत होती, शरीरात ती उणी पडली. आपल्या देशात असे जंतू मुबलक आहेत. आणि त्यापलीकडे एनडीएमसारखे आडकित्ते आहेत, ज्यांत यातला एकही खडा अडकत नाही.

एवढं शास्त्र झाल्यावर आता खाटेजवळ येऊ. सिस्टर कुपीचं धातूचं झाकण उडवते, रबराचं बूच स्पिरिटने पुसते, पाणी भरते, पांढरी पूड हलवून विरघळवते. साडेचार ग्रॅमच्या पायप-टॅझच्या कुपीत चार ग्रॅम पायपरासिलिन आणि अर्धा ग्रॅम टॅझोबॅक्टम असतं. ते साधारण वीस मिलिलीटरमध्ये विरघळवून, मग सलाईनच्या छोट्या बाटलीत घालून निदान अर्धा तास सोडायचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या 1.2 ग्रॅमच्या कुपीचं वेगळंच : पाणी घातल्यावर वीस मिनिटांत ते वापरात आलं पाहिजे आणि ग्लुकोजच्या बाटलीत ते मिसळायचं नाही. सेफ्ट्रायक्झोन असलेली जोडी कॅल्शियमवाल्या सलाईनबरोबर एका नळीतून जाऊ द्यायची नाही, कारण खडे धरतात. नवजात बाळांत याने जीव गेलेले आहेत. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, हे खूप जणांच्या लक्षात राहत नाही. पायप-टॅझ आणि अमिकासिन हे दोघे एका बाटलीत घातले तर एकमेकांना निकामी करतात. स्नायूत द्यायचं सेफ्ट्रायक्झोन दुखू नये म्हणून कधी बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये कालवतात. ते कालवलेलं चुकूनही शिरेत जाता कामा नये. यातलं काहीच रोग्याने करायचं नाही. पण सिस्टर लेबल दोनदा वाचत असेल, तेव्हा 'किती वेळ लावता' म्हणून मागे लागू नये, एवढं तरी करता येतं.

वेळेचंही तसंच. रात्री दोनला उठवून सुई टोचतात म्हणून लोक वैतागतात. पायपरासिलिन रक्तातून तासाभरात निम्मं होतं, म्हणून ते दर सहा-आठ तासांनी लागतं. सेफ्ट्रायक्झोन आठ तासांच्या आसपास टिकतं, म्हणून ते दिवसातून एकदा चालतं. या घराण्यातली औषधं एकदम किती ओतली यापेक्षा रक्तात किती वेळ पुरेशी राहिली यावर मारतात. रात्रीचा डोस चुकवून सकाळी दोन एकदम दिले, तर हिशेब जुळत नाही.

ॲलर्जीवर थोडं थांबायला हवं. माझ्या मामीला लहानपणी ॲम्पिसिलिनच्या सुईने अंगभर गांधी उठून घसा आवळला होता. पायाला सूज येऊन ती एका दवाखान्यात दाखल झाली, तेव्हा तिने सांगितलंही, 'मला ॲम्पिसिलिन चालत नाही.' फाइलवर तेवढंच लिहिलं गेलं. खोकं आलं ते अमॉक्सिसिलिनच्या जोडीचं. नाव वेगळं, घराणं तेच. एका तरुण सिस्टरने मामीच्या बटव्यातली जुनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "मावशी, थांबा, हे नको." मामी आज ठणठणीत आहे. पायपरासिलिन, अमॉक्सिसिलिन ही दोन्ही पेनिसिलिनच आहेत, हे नावावरून सामान्य माणसाला कळायची सोय नाही, म्हणून सांगताना औषधाचं नाव, काय झालं आणि किती वर्षांपूर्वी, असं तिन्ही सांगावं. याची उलट बाजूही तितकीच खरी : पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तपासणीअंती ती नसते. लहानपणी जुलाब झाले किंवा तापातलं पुरळ उठलं, त्यालाच घरात 'ॲलर्जी' नाव पडतं आणि माणूस जन्मभर चांगल्या, स्वस्त औषधाला मुकतो.

हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचून बघायचा 'टेस्ट डोस' आपल्याकडे रूढ आहे. फोड आला नाही की सगळे निर्धास्त. पण तो फोड न येणं ही हमी नव्हे. खरी हमी पूर्वीचं नीट विचारण्यात, पहिल्या डोसनंतर अर्धा तास नजर ठेवण्यात आणि हाताशी ॲड्रेनलिन असण्यात आहे. घसा आवळला, धाप लागली, रक्तदाब पडला, तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब. ज्या खोलीत हे नाही त्या खोलीत ही इंजेक्शनं घेऊ नयेत. म्हणूनच डिस्चार्जनंतर उरलेल्या कुप्या घरी आणून ओळखीच्या कुणाकडून टोचून घेण्याची जी चाल आमच्या गावांत आहे, ती मला भीतीदायक वाटते.

आणि आता हुर्राक. मार्च ते मे या दिवसांत डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या काजूबागांतून भट्ट्या पेटतात. बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. हिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सेफोपेराझोनच्या रेणूला एक शेपूट आहे. ते दारू पचवणाऱ्या यकृतातल्या विकराला अडवतं. दारूचं अर्धवट पचलेलं विष रक्तात साचतं : तोंड लालबुंद, छाती धडधडणं, घाम, डोकं फुटायला येणं, उलट्या, कधी रक्तदाबही कोसळतो. शेवटचं इंजेक्शन घेतल्यावर पाचव्या दिवशी प्यायलेल्यांनाही हा त्रास झाल्याची नोंद आहे. दवाखान्यात सिस्टर विचारते, "दारू घेता?" समोर मुलगा-सून उभी, बाबा म्हणतात, "नाही बाई." खोटं नसतंच ते. घरी सर्दीवर गरम पाण्यातून चमचाभर फेणी घेतात, ती आमच्याकडे दारूत कोण मोजतं? काही खोकल्याच्या औषधांत आणि टॉनिकांतही अल्कोहोल असतं. म्हणून प्रश्न 'दारू पिता का' असा नसून 'चमचाभरही फेणी, हुर्राक, आसव किंवा टॉनिक घेता का' असा असावा, आणि उत्तर मुलासुनेला बाहेर पाठवून घ्यावं. पायप-टॅझ किंवा अमॉक्सिसिलिनच्या जोडीला असं शेपूट नाही. म्हणून कुपीवरचं नेमकं नाव महत्त्वाचं.

त्याच सेफोपेराझोनचं आणखी एक काम आहे : रक्त गोठवणाऱ्या के जीवनसत्त्वात ते खोडा घालतं. अनेक दिवस न जेवलेला, यकृत खराब असलेला किंवा हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा माणूस असेल, तर हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग यांकडे लक्ष हवं. पायप-टॅझला मूत्रपिंडांची काळजी. क्रिएटिनिन वाढलं की डोस कमी करावा लागतो, दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं. ते लेप्टोने थकलेलं मूत्रपिंड असो की वीस वर्षांच्या मधुमेहाचं. जुनी डायलिसिसची फाइल घरी ठेवून येऊ नये ती याचसाठी. आणि अँटिबायोटिक संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांनीही पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर जुलाब थांबवायची गोळी न घेता डॉक्टरकडे जावं. आतड्यातले भले जिवाणू साफ झाल्यावर माजणारा एक जंतू त्याला कारण असू शकतो.

दिवस किती? पूर्वी चौदा हा जणू शुभांक होता. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत, रक्तात जंतू सापडलेल्या 3608 रोग्यांमध्ये सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांपेक्षा उणा ठरला नाही. हृदयाच्या झडपेवरचा किंवा हाडातला संसर्ग यांना हे लागू नाही, तिथे आठवडेच लागतात. पण दोन दिवस ताप नाही, तोंडाने खातोय, अशा रोग्याला शिरेतून गोळीवर आणणं ही चांगली वैद्यकी आहे. कॅन्युला जितकी लवकर निघेल तितकी बरी, कारण तीही जंतूंची पायवाटच.

कायदा आहेच. सेफ्ट्रायक्झोन आणि सेफोपेराझोनसारखी औषधं 1 मार्च 2014 पासून एच-वन यादीत आहेत : लाल चौकट, चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने डॉक्टरचं व रोग्याचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. सगळ्याच जोड्या शास्त्राला धरून नसतात हेही सरकारने मान्य केलं आहे. 2018 मध्ये 328 संयुक्त औषधांवर बंदी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तर 'शिफारस नाही' असा अँटिबायोटिक जोड्यांचा स्वतंत्र कप्पाच आहे. सेफोपेराझोन-सल्बॅक्टम आपल्याकडे सर्रास चालतं, अमेरिकेत ते विकलंच जात नाही. म्हणून ते वाईट असं मी म्हणणार नाही; योग्य रोग्यात त्याने जीव वाचतात. पण 'हाय पॉवर' हा काही त्याचा गुण नव्हे.

इस्पितळातून निघताना डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनचं पूर्ण नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि कल्चरचा अहवाल आहे का, ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. अहवाल आला नसेल तर कधी आणि कुठे मिळेल ते विचारा. नावात सेफोपेराझोन असेल आणि दिवस काजूचे असतील, तर त्या तारखेपासून निदान पाच दिवस भट्टीकडे फिरकू नका.